एकदाच विचारलं

नवरा गेल्यावर माझ्याशी कोणी भाव करेना.

एव्हरशाईन सिटीत माझा भाजीचा गाळा आहे. आज गाळा म्हणते, पण सुरुवात रस्त्याकडेला मांडलेल्या एका पाटीने झाली. तेव्हा इथल्या निम्म्या इमारतींना रंगसुद्धा लागला नव्हता. आगाशीला वडिलांची वाडी होती. तिथली केळी, अळू, तोंडली, पडवळ घेऊन मी यायचे. पाटीवर छत्री आली, छत्रीचा मांडव झाला, मांडवाचा गाळा झाला. यातलं मला कोणी काही दिलेलं नाही. जागा, नळाचं पाणी, दुपारच्या सावलीचा तुकडा, सगळं भांडून मिळवलं. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं. गिऱ्हाइकांना हे माहीत आहे, तरी ती येतात. ऑफिसात दिवसभर साहेबाचं ऐकून आलेला माणूस माझ्यासमोर पाच रुपयांसाठी दहा मिनिटं वाद घालतो आणि जिंकून घरी जातो. त्याला कधी जिंकू द्यायचं हे मला कळतं. माझा धंदा तोच आहे, भाजी निमित्ताला.

तर चौदाव्या दिवशी मी गाळा उघडला. बायका आल्या. “मावशी, कसं झालं हो अचानक?” म्हणाल्या. मी सांगितलं. दुपारी जेवून आडवे झाले ते चहाला उठले नाहीत. त्यांनी मान हलवली, भाजी घेतली, मी सांगितला तो भाव दिला आणि गेल्या. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम भेंडीचा भाव नको तितका चढवून सांगितला. समोर एक बाई होती, जी एरवी मिरचीचं देठ मोडून ताजेपणा बघते. तिने निमूट पैसे काढले, वर म्हणाली, “सुटे राहू देत मावशी.”

मी सुटे तिच्या पिशवीत जवळजवळ फेकलेच. मला राग आला होता. मी इतकी बिचारी झाले का, की माझ्याशी कोणी भांडूही नये?

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाची फार आठवण येते. मला तेव्हा ती जशी यायला हवी तशी येत नव्हती. मला रात्रंदिवस भाऊ आठवत होता, आणि तो आगाशीला चांगला धडधाकट होता.

आमच्याकडे एक रीत आहे. बाईचा नवरा गेला की तेरावं झाल्यावर माहेरचा माणूस येतो आणि तिला घेऊन जातो. माहेरी तिला न्हाऊ घालतात, गोडाचं जेवण करतात, साडी देतात आणि एकदोन दिवसांनी परत आणून सोडतात. याला दुखवटा काढणं म्हणतात. तो निघेपर्यंत बाईने कुणाकडे पाहुणी म्हणून जायचं नाही, कार्यात बसायचं नाही. आणि आपण होऊन माहेरी जायचं नाही. न्यायलाच यावं लागतं. आईवडील कधीच गेले. मला न्यायला येईल असं माणूस जगात एकच उरलं होतं, धाकटा भाऊ.

तो आला. खोटं कशाला सांगू? तेराव्याच्या दुपारी पंगती उठल्या, माणसं पांगली, तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. बसला नाही.

“चल बाय, पिशवी भर,” म्हणाला. “खाली रिक्षा थांबवलीय.”

“आता कुठे येऊ? घर हे असं पडलंय. मला नाय जमायचं.”

“बरं,” म्हणाला, आणि गेला.

एवढंच झालं. एकदा विचारलं, एकदा नकार ऐकला आणि गेला.

मला सांगा, पहिल्या नकाराला नकार कोण धरतं? माझ्या गाळ्यावर पहिला भाव हा भाव नसतो आणि पहिलं नाही हे नाही नसतं. आमच्या गावातसुद्धा चहा विचारला की आधी नकोच म्हणतात, मग अर्धा कप म्हणतात, मग बशी हातात घेतात. मी त्याच सवयीने नाही म्हटलं. तो म्हणणार, अगं चल. मी म्हणणार, इथे कोण बघणार? तो म्हणणार, लेक आहे ना दोन दिवस. मग मी पिशवी भरणार. पिशवीत काय घालायचं ते माझं ठरलंही होतं.

आणि गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की त्याच्याकडे बघायचं नसतं. बघितलं की आपली गरज दिसते. आपण आपली कोथिंबीर झाडत बसायचं. म्हणून मी गॅलरीत गेले नाही. ओटा पुसायला घेतला. ओटा स्वच्छच होता.

“आई, मामा गेला पण,” लेक म्हणाली.

“येईल.”

बेल वाजली तेव्हा मी पदराला हात पुसले. मंडपवाला खुर्च्या न्यायला आला होता.

मला इतकं लागलं त्याला आणखी एक कारण होतं. वडील गेल्यावर वाडीच्या कागदांवर मी हक्क सोडल्याची सही केली होती. जन्मभर मुळ्याच्या जुडीवरून वाद घालणारी मी, त्या दिवशी एक शब्द बोलले नाही. तलाठ्याने पेन दिलं, मी सही केली आणि निघताना भावाला म्हटलं, वाडी विकू नकोस म्हणजे झालं. माझ्या आयुष्यात भाव न करता दिलेली ती एकच गोष्ट. आणि ज्याला दिली, त्याला मला दुसऱ्यांदा विचारावंसं वाटलं नाही.

मी त्याची केळी गाळ्यावर बंद केली. त्याच्या वाडीतली केळी माझ्याकडे इतकी वर्षं येत होती, की लोक ती नाव घेऊन मागत.

“मावशी, आगाशीची केळी नाहीत?”

“नाहीत.”

“कधी येतील?”

“झाडं मेली,” मी सांगत असे.

सहा-सात महिने मी असे काढले. लोकांनी आपापल्या परीने मला बरं करायला घेतलं होतं. बिल्डिंगमधल्या बायका सकाळी बागेत जमून मोठ्यांदा हसतात, तिथे मला नेलं. खोटं हसताना माझा जबडा दुखला. मग त्यांनी गाडी ठरवून कळंबला समुद्रावर न्यायचं ठरवलं. समुद्र कुणाचं घर नाही, तेव्हा रीत मोडत नव्हती. मी गेले. सगळ्या पाण्याकडे बघत गप्प बसल्या, म्हणजे मला मोकळं वाटावं. मला काही वाटेना. मग एक शहाळेवाला आला. त्याने सांगितलेला भाव ऐकून माझ्या अंगात वीज संचारली. नारळाच्या झाडाखाली जन्मलेल्या बाईला शहाळ्याचा भाव सांगतोस? मी त्याला आकारावरून धरलं, देठावरून धरलं, आत पाणी किती निघेल ते आधी सांगितलं आणि फोडून दाखवायला लावलं. शेवटी तो हात जोडून म्हणाला, “आजी, फुकट घ्या, पण जा.” बायका हसून लोळल्या. मीही हसले, आणि जबडा दुखला नाही. परतीच्या वाटेवर मात्र उगाच अपराधी वाटलं. नवरा गेला आणि ही हसते, असं कुणी म्हटलं नव्हतं. मीच म्हटलं.

स्टुलाचंही सांगते. कंपनीतून निवृत्त झाल्यावर माझे यजमान रोज संध्याकाळी गाळ्यात मागे एका लाकडी स्टुलावर बसत. पेपर वाचत. बोलत नसत. माझं कुणाशी वाजलं की थोड्या वेळाने उठत, पाय मोकळे करून येतो म्हणत आणि बाहेर एक चक्कर मारून येत. ते गेल्यावर कुणी म्हणालं स्टूल काढून टाका, डोळ्यांसमोर नको. कुणी म्हणालं असू दे, आठवण आहे. मला रिकामं स्टूल बघवत नव्हतं आणि त्यावर दुसरं कुणी बसलेलंही चालत नव्हतं. मी त्यावर लाल भोपळे रचले. आता ते रिकामंही नाही आणि कुणी बसूही शकत नाही. दुःखावर मला सुचलेला हा एकमेव पक्का उपाय. बाकीचे सगळे इतरांनी दिलेले.

त्यातला एक मात्र वेगळाच लागू पडला. खालच्या मजल्यावर एक मुलगी राहते. दिवसभर कॉम्प्युटरवर कामाचं बोलत असते. ती एक वही घेऊन आली. कव्हरवर फुलं होती.

“काकू, यात रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. दिवसभरात घडलेल्या. बघा, मन कसं हलकं होतं.”

“आणि वाईट घडलं तर?”

“ते नाही लिहायचं.”

मी वही घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून भावाबद्दलच्या तीन तक्रारी लिहायला लागले. एक, तेराव्याला आला तो बसला नाही. दोन, पाणी प्यायला नाही. तीन, चपलासुद्धा काढल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. मला फार बरं वाटू लागलं. सकाळी भाजी मांडताना आज काय लिहायचं याचा विचार असे. हळूहळू मी मागे गेले. माझ्या लग्नात तो आंबे खाऊन आजारी पडला आणि आई पाठवणीला आली नाही, ते लिहिलं. लहानपणी त्याने माझी पाटी फोडून आळ मांजरावर घातला, तेही लिहिलं.

सव्वा महिना झाला आणि तक्रारी आटल्या. एका दिवशी दोनच सुचल्या. तिसरी ओळ मोकळी ठेवणं मला पटेना. काही वेळ पेन हातात धरून बसले आणि लिहिलं, मी नाही म्हटलं.

लिहिल्यावर त्या ओळीकडे बघत राहिले. त्याच्या तक्रारींच्या यादीत ही कशी आली ते कळेना. मी वही मिटली आणि पुन्हा उघडली नाही. मुलीने एकदा जिन्यात विचारलं, “काकू, लिहिता ना?” मी म्हटलं, “भरली.”

त्यानंतर काही दिवसांनी एक नवी बाई गाळ्यावर आली. बोलण्यावरून घाटावरची होती, नुकतीच राहायला आलेली. माझ्याकडे काय घडलं ते तिला ठाऊक नव्हतं.

“ओ मावशी, तोंडली काय सोन्याची आहेत का?”

“सोन्याची असती तर अशी उघड्यावर ठेवली असती?”

“आमच्याकडे याच्या निम्म्यात मिळतात.”

“मग जा की तिकडे. येताना माझ्यासाठीपण आणा.”

“निबर दिसतायत.”

“तोंडली निबर आहेत की दात?”

ती खवळली, मी खवळले. आजूबाजूचे हातगाडीवाले थांबून बघायला लागले. माझ्या छातीतून आवाज असा निघत होता जसा कित्येक महिन्यांत निघाला नव्हता. शेवटी तिने पिशवी झटकली आणि निघाली. मी नेहमीप्रमाणे कोथिंबीर झाडायला घेतली. एक, दोन, तीन पावलं. ती थांबेना. कोपऱ्यापर्यंत गेली. आणि मी ओरडले, “ओ बाई! या इकडे! घ्या तुमच्या भावात!”

ती वळली आणि हसत परत आली. तोंडली घेतली, कोथिंबीर घेतली, उद्या शेवग्याच्या शेंगा ठेवा म्हणून सांगून गेली. मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. परक्या बाईला मी कोपऱ्यावरून परत बोलावलं होतं, आणि असं आजवर हजारोंना बोलावलं असेल. भाऊ जिना उतरला त्या दुपारी मात्र मी ओटा पुसत राहिले होते.

दुसऱ्या दिवशी गाळा बंद ठेवला. विरारला जाऊन आगाशीची बस धरली. बसमध्ये मी काय बोलायचं त्याची तयारी करत होते. सगळी तयारी भांडणाची होती. दुसरं मला येत नाही.

भाऊ वाडीत होता. केळीची सुकलेली पानं कोयत्याने काढत होता. मला बघून त्याचा हात थांबला.

“तू?”

“मीच. न्यायला कोणी येत नाही म्हटल्यावर स्वतःच आले.”

“मी आलेलो.”

“एकदा!”

“मग किती वेळा यायचं?”

“निदान दोनदा विचारायचं! परक्या बाया तोंडल्यासाठी मला चार-चारदा विचारतात.”

“मी काय तुझं गिऱ्हाईक हाय?”

मग मी सुरू झाले. वहीतलं सगळं पाठ होतं. बसला नाहीस, पाणी प्यायला नाहीस, चपला काढल्या नाहीस, इथपासून आंब्यापर्यंत गेले. शेजारच्या वाडीतला माणूस कुंपणाशी येऊन उभा राहिला. भाऊ ऐकत होता. तो लहानपणापासून असाच आहे. व्यापारी सांगेल त्या भावाला केळी देतो, डॉक्टर सांगेल ती गोळी घेतो. समोरचा बोलतो तेच त्याच्या मनात आहे, असं धरून चालतो. माझा दम संपल्यावर तो म्हणाला,

“तू नेहमीच नाय म्हनतेस, बाय.”

“म्हणते ना! तरी तू नेतच होतास की. गौरीला नेलंस, बारशाला नेलंस, आई आजारी होती तेव्हा नेलंस. तेव्हा कशी अक्कल होती?”

“तेव्हा दाजी सांगायचे.”

“काय सांगायचे?”

त्याने कोयत्याचं पातं पानावर पुसलं.

“तू नाय म्हटलंस की मी जिना उतरायचो. दाजी पाठोपाठ यायचे. घाईत तुझ्याच चपला घालून. म्हनायचे, पाच मिनिटं थांब नि परत वर जा. ती येनार हाय. तिला दोनदा विचारावं लागतं.”

मी पायातल्या चपलांकडे बघितलं.

“दर वेळेला?” मी विचारलं.

“दर वेळेला. मला काय ठाव तुझ्या मनातलं? त्या दिवशी पन थांबलो मी. सवयीनं. जिन्याखाली उभा राहिलो. मग रिक्षावाला हॉर्न मारायला लागला, तेव्हा आठवलं.” तो खाली बघत होता. “कोन येनार होतं सांगायला?”

वाडीत पाण्याचा पाट आहे. मी त्याच्या कडेला बसले. संसाराची सदतीस वर्षं मी समजत होते, माझ्या नकारापुढे माणसं वाकतात. मी ताणून धरते आणि समोरचा परत येतो. भाऊ परत येतो, रुसलेली नणंद परत येते, भांडून गेलेलं गिऱ्हाईकसुद्धा दुसऱ्या दिवशी येऊन मुकाट भाजी नेतं. आणि तो माणूस पाय मोकळे करून येतो म्हणत उठायचा. किती जणांच्या मागे गेला असेल? कुणाला काय सांगितलं असेल? ती मनाची वाईट नाही, असं म्हणाला असेल. मला त्याने कधी कळू दिलं नाही. कळलं असतं तर मी त्याच्याशीच भांडले असते.

मी रडले. आठ महिन्यांत पहिल्यांदा, आवाज करून, लहान पोरीसारखी. भावाने कोयता खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. शेवटी जाऊन त्याने पाण्याचा पंप चालू केला, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळेना. पाट भरून वाहायला लागला आणि माझी साडी भिजली. कुंपणावरचा माणूस निघून गेला.

पंपाच्या आवाजाने वहिनी बाहेर आली. माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि म्हणाली, “पानी बंद करा आधी.” मग माझा हात धरून मला उठवलं.

घराकडे जाताना ती म्हणाली, “बाय, एक सांगून टाकते. तुमच्यासाठी आनलेली साडी मी नेसले. सहा महिने कपाटात होती, मग माझ्या बहिनीकडे पूजा आली.”

“कुठल्या रंगाची होती?”

“मोरपिशी.”

“मला मोरपिशी आवडत नाही.”

“मी सांगितलेलं यांना. पन यांनीच जाऊन घेतली. तुम्ही येनार म्हनून घावन आनि नारळाच्या रसाचं जेवन केलेलं. चार घरी बोलावनं गेलेलं. रिक्षातून हे एकटेच उतरले.”

ती मोरपिशी तिने खरंच सहा महिने थांबून नेसली की आधीच, याचा मी मनात एक क्षण विचार केला. स्वभाव असा एका दिवसात जात नाही.

त्या दिवशी घरात गोडाचं काही नव्हतं. वांगं घालून सुकटीचं कालवण होतं आणि भात. वहिनीने आधी पाणी तापवलं आणि मला न्हाणीत बसवून डोक्यावरून ओतलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती केस चोळत होती आणि मी डोळे मिटून बसले होते. जेवणाआधी तिने माझ्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. भाऊ समोर बसला. त्याने माझ्या पानात कालवण वाढलं आणि विचारलं, “राहतेस?”

तोंडाशी नाही आलं होतं. खरंच आलं होतं. बाहेर माझ्यासाठी आता कुणी चपला घालून धावणार नव्हतं.

“राहते,” म्हटलं.

दोन दिवस राहिले. भांडणंही झाली, एक पापडावरून आणि एक वाडीत कुठली केळी लावायची त्यावरून. आता त्याची केळी पुन्हा माझ्या गाळ्यावर येतात. जुन्या गिऱ्हाइकांनाही माझी कीव करून कंटाळा आला आहे, ती पूर्वीसारखी देठ मोडून बघतात आणि मी पूर्वीसारखी ओरडते. घरच्या माणसांशी मात्र मनात असेल ते पहिल्यांदाच बोलायचा प्रयत्न करते. जमतंच असं नाही. परवा लेक फोनवर म्हणाली, चार दिवस ये, आणि मी सवयीने नको म्हटलं. फोन ठेवला, पाणी प्यायले आणि मीच परत लावला.

जिन्याखाली भाऊ त्या दुपारी किती वेळ उभा होता, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.